वाचकांचे प्रश्न : मुरमाड माळ आणि खडीची खाण

प्रश्न : आमच्या गावाच्या माळावर खडी क्रशर येऊ घातला आहे. माळ मुरमाड असून त्यावर झाडझाडोरा नाही आणि पीकही येत नाही. घर बांधायचे तर खडी लागणारच. मग अशा पडीक जागेतून दगड काढल्याने जैवविविधतेला धोका कसा पोहोचतो?
– एक वाचक, ता. अंबाजोगाई

उत्तर : खडी लागणारच, हे आपले म्हणणे रास्त आहे. दगडाधोंड्यांवाचून कोणाचाच दिवस सरत नाही. जेवणातले मीठ हे खनिजच; पेन्सिलीतले शिसे ग्रॅफाइटचे, छताच्या पीओपीत जिप्सम आणि पायाखालची शहाबादी फरशी शेजारच्या कर्नाटकातल्या चुनखडकाची. मराठवाड्याच्या बहुतांश भागाचा स्वतःचा दगड मात्र काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. वेरूळचे कैलास लेणे त्यातच कोरलेले आहे, जाते आणि पाटा-वरवंटा त्याचाच, आणि तोच झिजून आधी मुरूम व पुढे कपाशीची काळी जमीन झाली.

मात्र झाड नाही म्हणून माळ ओसाड, हे आम्हांला मान्य नाही. जिथे मातीचा थर वीतभरही नाही, तिथे मोठी झाडे फारशी तग धरत नाहीत; तिथे कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते वाढतात आणि त्यांच्या आधाराने चंडोल, धाविक, पखुर्डी हे पक्षी, तसेच खोकड आणि लांडगा जगतात. त्यांना दाट झाडी नको, उघडा माळच हवा असतो. उन्हाळ्यात टिटवीची अंडी शोधून पाहा. ती काड्या विणून घरटे करीत नाही. खडे सारून उथळ खळगा करते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांवरचे काळपट ठिपके भोवतीच्या मुरमात इतके मिसळून जातात की दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही ती चटकन दिसत नाहीत, मग जेसीबीवर बसलेल्याला कुठून दिसणार?

शिवाय नुकसान खाणीच्या खड्ड्यापुरते राहत नाही. क्रशरची धूळ आसपासच्या गवतावर आणि पिकांवर बसते, सुरुंगांच्या आवाजाने विणीच्या काळात पक्षी बिथरतात आणि उकरलेल्या जागेवर गवताआधी गाजरगवत पाय रोवते. भरपाई म्हणून उरलेल्या माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडे लावायची, ही पद्धत तर आमच्या मते दुसरे नुकसानच होय. गोदावरीच्या वाळूला पर्याय म्हणून दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू आता सर्रास वापरली जाते. तिच्यामुळे वाळूच्या बेटांवर अंडी घालणाऱ्या नदी सुरय या पक्ष्याला दिलासा मिळेल, हे खरे. परंतु तो भार शेवटी टेकड्यांवरच पडतो, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

त्यामुळे खाण नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. नवा माळ फोडण्याऐवजी परिसरातल्या चालू खाणीतूनच दगड घेता येईल का, हे ग्रामसभेत आधी विचारावे. लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा त्या मंजुरीची प्रत मागावी. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. त्या नोंदवहीत माळावरची गवते, पक्षी आणि विणीचे महिने मेंढपाळांना विचारून लिहून घ्यावेत, कारण माळ बारमाही पाहणारे तेच असतात. नोंद नसेल, तर तिथे काही नव्हतेच, असे म्हणणे सोपे जाते.

प्रश्न : बंद पडलेल्या खाणीत पाणी साठून बगळे, पाणकावळे येतात. मग खाणीने जैवविविधता वाढलीच ना?
– एक वाचक, जालना

उत्तर : पाणपक्षी आले, हे खरे, पण ते गावतळ्यावरही येतात. माळ गेल्यावर धाविकाला दुसरी जागा मिळत नाही. तरीही जुनी खाण बुजवण्याची घाई नको. तिची एक बाजू उताराची करून घ्यावी, म्हणजे गुरांना आणि वन्य प्राण्यांना पाण्यापर्यंत उतरता येईल, आणि उरलेल्या सरळ कड्यांना कुंपण घालावे.