सोलापुरात परसात लाल भोपळा येतो का? माझ्या वेलाला नुसती फुलं येतात, फळ धरत नाही. आणि धरलंच तर एवढ्या भोपळ्याचं करायचं काय?

येतो, आणि उत्तम येतो. वेल सुरुवातीला नर फुलंच काढतो, मादी फुलं मागाहून लागतात. नर फुलाचा देठ लांब नि बारीक असतो. मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा आधीपासूनच दिसतो. तोच पिवळा पडून गळत असेल, तर बहुतेक वेळा पराग पोचलेला नसतो.

फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी फिरकली नाही, तर ते काम आपण करायचं. सातच्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलक्या हाताने फिरवा. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. आमच्याकडे बरीचशी फळं अशीच धरतात. उरलेल्या नर फुलांची बेसनात बुडवून भजी करा, फार सुंदर लागतात.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात नर फुलंच जास्त येतात, म्हणून मी बी जून-जुलैत टोकते. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. शेणखत घालून उंचवटा करा आणि त्यावर लावा. फवारणी करायचीच झाली तर संध्याकाळी, सकाळी मधमाश्या असतात.

भोपळा काढायची घाई मात्र करू नका. देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख रुतेना, की दोन-तीन इंच देठ ठेवून कापा. आठ-दहा दिवस सावलीत, वारं लागेल असा ठेवा. मग तो दोन-तीन महिने सहज टिकतो, आणि गोडीही वाढते.

भाजीला साल काढू नका. तेलात मोहरी, मेथीदाणे, लसूण, मग फोडी. झाकणावर पाणी ठेवून वाफ द्या. फोड बोटाने दबली की काळं तिखट, मीठ, गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट. कडक भाकरी त्यात चुरून खाल्ली की दुसरं काही लागत नाही. मोठं फळ असेल तर निम्म्याचे घारगे करा: कीस गुळात शिजवून गार करायचा आणि त्यात मावेल तेवढीच कणीक मळायची. पाण्याचा थेंबही घालू नका, घारगे चिवट होतात.