घाटात इंजिनही तापतं आणि गिअरबॉक्सही. रेडिएटर बदलू की गिअरबॉक्स उघडू?

तुमच्या प्रश्नातलं आधी पुन्हा मांडतो. डिझेल एसयूव्ही, टॉर्क कन्व्हर्टरचा (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. मे महिन्यात नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये एसी लावूनही तापमानाचा काटा हलत नाही. पण सहा माणसं भरून वणीच्या गडावर निघालात, की नांदुरी सोडल्यावर घाटात काटा वर सरकतो आणि थोड्या वेळाने गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते. गॅरेजने रेडिएटर आणि गिअरबॉक्स, दोन्हींचं एस्टिमेट दिलंय.

दोन्ही थांबवा. मी मेकॅनिक नाही, अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. पण हे दुखणं मी स्वतःच्या गाडीत भोगलंय. कसाऱ्याच्या चढाला गाडी तापायची. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप. दोन्ही वेळा गॅरेजवाला म्हणाला, "आता झालं बघा." नाही झालं. शेवटी एका रविवारी मी समोरचा बंपर काढला, तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत माती, किडे आणि वाळलेल्या पाल्याची अक्षरशः गादी बसलेली. समोरून जाळी लख्ख दिसत होती, म्हणून कुणी आत डोकावलंच नव्हतं.

गावात न तापणारी गाडी घाटात तापते याचं कारण साधं आहे. सिग्नलला उभं असलेलं इंजिन फारच थोडी उष्णता बाहेर टाकतं. अर्धा चोंदलेला रेडिएटरही तेवढी आरामात पेलतो. सहा माणसं घेऊन दुसऱ्या गिअरला चढताना तीच उष्णता कित्येक पटींनी वाढते, वर वेग २५-३०चा, म्हणजे समोरून वाराही नाही. तिथे रेडिएटरची खरी परीक्षा होते. गावात काटा स्थिर आहे म्हणजे निदान इलेक्ट्रिक फॅन तरी बहुतेक धडधाकट आहे. तुमच्या गाडीला पट्ट्यावर चालणारा व्हिस्कस फॅन असेल तर मात्र तो वेगळा तपासा: गाडी चांगली तापलेली असताना इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवायचा. पंख्यासारखा गरागरा फिरत राहिला तर कपलिंग गेलंय. (इलेक्ट्रिक फॅनला हे चुकूनही करू नका, तो इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो.)

आता गिअरबॉक्स. तुमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो. म्हणजे कूलंट (रेडिएटरमध्ये फिरून इंजिन थंड ठेवणारं पाणी) तापलं की ऑइल थंड होणं थांबतं, आणि ऑइल बेसुमार तापलं तर ते उलट कूलंटला तापवतं. दिवे दोन लागले तरी आजार एकच असू शकतो. कोण आधी तापलं एवढंच शोधायचं.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत तो मध्येच खिळून ठेवलेला असतो, आपण घाबरू नये म्हणून. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची जागा) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. कूलंटचं तापमान तो दाखवतोच. गिअरबॉक्स ऑइलचं दाखवेल की नाही, ते तुमच्या गाडीवर आणि ॲपवर अवलंबून. नसेल दाखवत तर चांगल्या स्कॅनरवाल्या मेकॅनिकला एक फेरी सोबत न्या.

घाटात शेजारच्याला आकडे लिहायला बसवा. कूलंट आधी ११०च्या पुढे गेलं आणि ऑइल मागून चढलं तर रोग रेडिएटरच्या बाजूला. कूलंट ९५-१००ला शांत आणि ऑइल मात्र १२०कडे धावतंय, तर गिअरबॉक्सची बाजू बघायची. तिथेही लगेच उघडायची घाई नको. 'डी'मध्ये सोडलेली गाडी वळणावळणावर गिअर बदलत राहते, कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडले जात नाहीत, आणि त्याच्या घसरण्यातूनच ऑइल तापतं. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा धरून चढा. आकडा पडला तर आधी ऑइल बदलून बघा, १ लाख किलोमीटरच्या वर ते तसंही जुनं झालेलं असतं.

माझा अंदाज मात्र रेडिएटरचाच आहे. म्हणून आधी कंडेन्सरमागची फट धुवा, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपाने. प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या वाकतात. मग आतली बाजू. कूलंटऐवजी कधी बोअरचं पाणी टॉपअप केलंय का? खरं सांगा. त्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून अरुंद होतात. रेडिएटर गार असताना झाकणाचा रबरही बघा. झाकण दाब धरतं म्हणूनच कूलंट १०० अंशांच्या वरही उकळत नाही.

तोवर घाटात काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली. वाफ नसेल तर कडेला उभी करून इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. वाफ आली किंवा कूलंट सांडलं तर मात्र लगेच बंद, आणि अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही.

चाचणीच्या फेरीला निघण्याआधी एक गोष्ट नक्की करा: गिअरबॉक्सचं थोडं ऑइल काढून रंग बघा. स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं गुलाबी-पांढरं दिसलं तर आतला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. मग वणी राहू द्या, गाडी गॅरेजलाही टो करूनच न्या.