वाचकांचे प्रश्न : रुळांचे सांधे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे रेल्वेच्या रुळांविषयी आणि त्यातही रुळांच्या जोडाविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. रुळांच्या देखभालीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे उत्तरे लिहिताना कोठे विस्तार झाला असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : लहानपणी पॅसेंजर गाडीतून जाताना चाकांचा ठेक्यातला आवाज ऐकू यायचा. दोन रुळांमध्ये फट असते आणि त्या फटीत चाक आपटते म्हणून तो आवाज येतो, असे वडील सांगत. हे खरे आहे का? ही फट किती ठेवतात? (एक वाचक, मनमाड)

उत्तर : आवाज सांध्याचाच असे, हे वडिलांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु चाक फटीत आपटते हा समज मात्र बरोबर नाही.

आधी फटीचा हिशेब पाहू. एक मीटर पोलाद एका अंशाने तापले की सुमारे ०.०११५ मिलिमीटर वाढते. आपल्याकडील ब्रॉडगेज रुळाची रूढ लांबी १३ मीटर, म्हणजे एका अंशामागे एका रुळाची वाढ ०.१५ मिलिमीटर झाली. विदर्भात किंवा खानदेशात थंडीच्या पहाटे रूळ १० अंशांपर्यंत निवतो आणि मे महिन्याच्या दुपारी, हवेचे तापमान ४५ अंश असताना, उन्हात पडलेला तोच रूळ ६५ अंशांच्या घरात जातो. या ५५ अंशांच्या फरकाला १३ मीटरचा रूळ सुमारे ८ मिलिमीटर कमीजास्त होतो, आणि तेवढी हालचाल सांध्याला सामावून घ्यावी लागते. फट किती ठेवायची हे त्यामुळे रूळ टाकताना त्याचे तापमान किती आहे यावर ठरते. रूळ ३५ अंशांवर असताना जोडला तर पुढे आणखी ३० अंशांची वाढ गृहीत धरून साडेचार मिलिमीटर फट हवी. पहाटेच्या गारव्यात जोडला तर अधिक हवी. म्हणून रूळ जोडण्यापूर्वी पहिले काम रुळाला तापमापक लावण्याचे, आणि दुसरे काम म्हणजे दोन टोकांच्या मध्ये ठरलेल्या जाडीची पत्र्याची चकती धरून मगच बोल्ट आवळण्याचे.

आता आवाजाविषयी. प्रवासी डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर असतो. एवढे मोठे चाक ८-९ मिलिमीटरच्या फटीवरून जाताना, निव्वळ भूमितीने पाहिले, तर ०.०२ मिलिमीटरच्या आसपास खाली उतरते. वहीच्या पानाची जाडीही याच्या कितीतरी पट असते. एवढ्याशा उताराने डबा दणकत नाही. दणका बसतो तो सांधा खचल्यामुळे. रूळ अखंड असतो तेथे चाकाचा भार पुढेमागे पाच-सात स्लीपरांवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या आधारांवर, वाटला जातो. सांध्यापाशी रूळ तुटलेला असल्याने तो भार जवळच्या दोन स्लीपरांवरच येतो, त्यांच्याखालची खडी कुटली जाते, टोके हळूहळू खाली बसतात आणि मग प्रत्येक चाक एका टोकावरून उतरून पुढच्या रुळाच्या तोंडावर घणासारखे आदळते. खाली बसलेल्या सांध्यावर दणका वाढतो आणि दणका वाढला की सांधा आणखी बसतो, असे हे चक्र आहे. कामावर असताना आम्ही गुडघे टेकून, गाल जवळजवळ रुळाला लावून, एका डोळ्याने लांबवर पाहत असू. सांधे कोठे बसले आहेत ते तसे पाहिल्यावर लगेच कळते, कारण चकाकणाऱ्या माथ्याची रेषा तेवढ्याच जागी खाली झुकलेली दिसते.

जाता जाता एक गंमत सांगतो. १३ मीटरचे रूळ असलेल्या मार्गावर ४७ सेकंदांत जितके सांधे मोजाल, तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये असतो. तुम्हाला ऐकू येणारा ठेका मात्र जोडचाकांचा असतो, म्हणून एकाच चाकाचा ठोका धरून मोजावे.

प्रश्न : आम्ही पॉलिटेक्निकचे विद्यार्थी प्रकल्पासाठी दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचा आराखडा करीत आहोत. पट्टी रुळाच्या मधल्या उभ्या भागाला पूर्ण चिकटून बसवली तर जोड अधिक भक्कम होईल असे आम्हांला वाटते, पण मार्गदर्शकांना ते मान्य नाही. तसेच सांधा स्लीपरच्या बरोबर वर घ्यावा की दोन स्लीपरांच्या मध्ये? (विद्यार्थ्यांचा गट, सोलापूर)

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे योग्य आहे, आणि ते का योग्य आहे हे समजले की या सांध्याचे जवळजवळ सगळे गुपित हाती येते.

या पट्टीला फिशप्लेट म्हणतात. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी १८४७ साली तिचे पेटंट घेतले. जहाजाची डोलकाठी मोडली की तिला दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या बांधून आधार देत, त्या फळ्यांना खलाशी ‘फिश’ म्हणत, आणि तेच नाव रुळाच्या पट्टीला मिळाले. माशाशी त्याचा संबंध नाही. त्यापूर्वी रुळांची दोन टोके बिडाच्या एकाच बैठकीत नुसती शेजारी ठेवली जात, त्यामुळे एक टोक दबले तरी दुसऱ्याला त्याची खबर नसे. दोन टोके एकत्र दबावीत आणि एकत्र वर यावीत, हे फिशप्लेटने प्रथम साधले.

फिशप्लेटकडून दोन कामांची अपेक्षा असते आणि ती दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. उभ्या आणि आडव्या दिशेने तिने दोन रुळांना एकच रूळ असल्याप्रमाणे धरून ठेवायचे, आणि लांबीच्या दिशेने मात्र त्यांना सरकू द्यायचे. पट्टी रुळाच्या पोटाला, म्हणजे मधल्या उभ्या भागाला, चिकटवली तर ती केवळ बोल्टांच्या ताणावर टिकेल, चाकाचा उभा भार तिच्यावर नीट उतरणार नाही. म्हणून तिच्या वरच्या आणि खालच्या कडा तिरप्या केलेल्या असतात. वरची कड रुळाच्या माथ्याच्या खालच्या उतारावर बसते, खालची कड तळाच्या वरच्या उतारावर बसते, आणि पोटाशी मुद्दाम मोकळी जागा राखलेली असते. बोल्ट आवळला की पट्टी पाचरीसारखी त्या दोन उतारांमध्ये आत शिरते. पुढे कडा झिजल्या तरी बोल्ट आणखी आवळून तिला आत घेता येते, कारण पोटाशी जागा शिल्लक असते. तुम्ही ती जागाच बुजवलीत, तर पहिल्याच झिजेनंतर सांधा सैल होईल आणि कितीही आवळला तरी घट्ट होणार नाही.

ताकदीचा हिशेब करताना आणखी एक अडचण दिसेल. ६० किलो वजनाच्या, म्हणजे मीटरला ६० किलो भरणाऱ्या, रुळाची उंची १७२ मिलिमीटर असते. पण पट्टीला माथा आणि तळ यांच्या मधली सुमारे १०० मिलिमीटरच उंची मिळते. ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळूनही अखंड रुळाइतका ताठपणा येत नाही. जाडी वाढवून थोडा फायदा होतो, पण चाकाची आतली किनार पट्टीला लागता कामा नये ही मर्यादा आहेच. सांधा हा रुळापेक्षा कमजोर असणारच, हे गृहीत धरूनच आराखडा करावा.

भोकांकडे विशेष लक्ष द्या. ती बोल्टपेक्षा मोठी असावी लागतात, नाहीतर रूळ सरकणार नाही. परंतु रुळाला पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे भेगेला दिलेले निमंत्रण आहे; भोकाच्या काठापासून साधारण ४५ अंशांत तिरकी निघणारी बारीक भेग ही जुन्या मार्गांवरची नेहमीची व्याधी होती. म्हणून भोक ड्रिलनेच पाडावे, गॅसने कधीही कापू नये, आणि त्याच्या कडा कलत्या घासून घ्याव्यात. बोल्ट आवळताना मधले दोन आधी आणि बाहेरचे दोन नंतर घ्यावेत.

आता स्लीपरचा प्रश्न. टोके स्लीपरच्या बरोबर वर ठेवली तर आधार भक्कम वाटतो, पण तो ऐरणीसारखा कठीण ठरतो आणि टोके लवकर चेपतात. दोन स्लीपरांच्या मध्ये ठेवली तर सांधा किंचित लवतो आणि दणका मुरतो. आपल्याकडे हीच पद्धत आहे, फक्त सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्लीपर इतरांपेक्षा जवळ घेतात.

तुमच्या आराखड्यात नसलेली, पण प्रत्यक्षात सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे वंगण. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, प्रत्येक सांधा उघडून, गंज खरवडून, भोकांभोवती भेग आहे का ते पाहून, टेकणाऱ्या कडांना ग्रॅफाइटचे वंगण लावून तो पुन्हा बसवावा लागतो. बरेच दिवस न उघडलेल्या सांध्याची पट्टी सुटली की तिच्यामागून तांबड्या गंजाचे पापुद्रे हातावर पडतात. असा गंजून जखडलेला सांधा कागदावर मोकळा आणि प्रत्यक्षात बंद असतो, आणि उन्हाळ्यात रूळ बाजूला वाकण्याचे ते एक कारण होते. वंगणासाठी सांधा उघडणे सोपे जाईल असा विचार तुम्ही आराखड्यात केलात, तर तुमचा प्रकल्प निश्चितच वेगळा ठरेल.

प्रश्न : आता बहुतेक ठिकाणी रूळ वितळवून जोडतात आणि आवाज येत नाही. मग उन्हाळ्यातली वाढ जाते कोठे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ती वाढ होऊ दिली जात नाही. रुळाला स्लीपर धरून ठेवतो, स्लीपरला खडी धरून ठेवते, आणि न झालेली वाढ रुळाच्या अंगात दाब म्हणून साठते. ६० किलोच्या रुळात हा दाब एका अंशाला सुमारे १.९ टन असतो, म्हणजे ३० अंशांच्या फरकाला एका रुळात ५७ टन. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा दाब रुळाच्या लांबीवर अवलंबून नसतो. रूळ एक किलोमीटर असो वा दहा, आकडा तोच राहतो. म्हणूनच हे तंत्र शक्य झाले. हालचाल होते ती फक्त दोन्ही टोकांच्या सुमारे शंभर-शंभर मीटर भागात, आणि तेथे तिरप्या कापलेल्या, एकमेकांवरून सरकणाऱ्या जिभेचा प्रसरण-सांधा बसवतात. चाक एका रुळावरून दुसऱ्यावर तिरके सरकत जाते, त्यामुळे फट मोठी असूनही दणका बसत नाही.

कारखान्यात विजेच्या साहाय्याने टोके तापवून व दाबून जोडतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून २६० मीटर लांबीचे जोडलेले रूळ थेट मार्गावर येतात. मार्गावर मात्र बहुधा थर्मिट पद्धत वापरतात. हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ साली पेटंट घेतलेल्या या पद्धतीत लोहाची भस्मे आणि ॲल्युमिनियमची पूड पेटवतात, आणि तयार झालेला वितळलेला पोलादाचा रस दोन रुळांमधल्या सुमारे २५ मिलिमीटरच्या जागेत, साच्यामध्ये ओततात.

फिशप्लेट त्यामुळे हद्दपार झाली असे मात्र नाही. थंडीत रूळ आकसू पाहतो, अंगात ताण येतो आणि एखादा कच्चा वेल्ड पहाटे तुटतो. त्या वेळी वेल्डच्या फुगवट्याला जागा मिळावी म्हणून मध्यभागी बाक दिलेली फिशप्लेट शिकंज्यांनी आवळून, गाडी सावकाश पुढे काढतात. डिसेंबरच्या पहाटे खांद्यावर ते ओझे घेऊन रुळामधून चालणाऱ्या कीमनला, म्हणजे पायी फिरून रूळ तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला, मी पाहिले आहे. तुटलेला रूळ बहुतेक वेळा त्याच्याच नजरेला प्रथम पडतो.

प्रश्न : लोकल गाड्यांच्या मार्गावर रूळ वेल्ड केलेले असूनही मधूनमधून बोल्टचा जोड दिसतो आणि त्याच्या दोन टोकांत काळपट पट्टी असते. ती कशासाठी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ती विद्युतरोधक पट्टी आहे. गाडी कोणत्या टप्प्यात आहे हे सिग्नलला कळावे म्हणून रुळांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडलेला असतो, आणि एक टप्पा दुसऱ्यापासून विजेच्या दृष्टीने तोडावा लागतो. येथे फिशप्लेट आणि रूळ यांच्यामध्ये विद्युतरोधक थर व चिकटद्रव्य असते, बोल्टभोवतीही तशीच नळी असते, आणि एरवीच्या सांध्याच्या उलट, हा सांधा सरकूच नये अशी अपेक्षा असते.

त्याचा शत्रू अगदी बारीक असतो. हजारो चाकांखाली रुळाच्या माथ्याचा धातू चेपून कडेने पातळ ओठासारखा पुढे येतो आणि पट्टीवरून पलीकडच्या रुळाला टेकतो. मग दोन टप्पे एक होतात आणि सिग्नल लाल होतो. त्यावर उपाय म्हणजे कानस घेऊन दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो ओठ घासून काढणे. एकजण घासतो, आणि दुसरा येणाऱ्या गाडीकडे तोंड करून लाल झेंडा हातात घेऊन उभा असतो.