नेपाळच्या अनाथाश्रमात महिनाभर स्वयंसेवक म्हणून जायचंय, तयारी काय करू?

आधी संस्था नीट तपासा, बॅग नंतर भरा. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. 'काठमांडूत शिक्षण मिळेल' असं सांगून दलाल त्यांना डोंगरातल्या गावांतून आणतात आणि परदेशी पाहुण्यांचे पैसे आले की धंदा चालू राहतो. ऑस्ट्रेलियाने तर 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याची दखल घेतली होती.

म्हणून संस्थेला थेट विचारा: मुलांचे नातेवाईक शोधता का? किती मुलं घरी परत पाठवलीत? माझ्याकडून पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागणार का? नुसती 'फी भरा आणि या' म्हणणारी जागा मी तरी टाळेन.

दुसरं म्हणजे, पहिल्याच दिवशी एखादं चार वर्षांचं पोर 'दिदी' म्हणत गळ्यात पडेल, तुम्हाला भरून येईल. पण महिन्याने तुम्ही निघाल आणि पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडेल. त्याच्या दृष्टीने हे फार वाईट. त्यापेक्षा तिथल्या शिक्षकांना इंग्रजी शिकवा, हिशेब किंवा कॉम्प्युटर लावून द्या.

कागदपत्रांचं सोपं आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार चालत नाही (बरेच जण इथेच अडकतात). टायफॉइड, धनुर्वाताच्या लसींचं डॉक्टरांना विचारून घ्या. आणि मुलांचे फोटो इन्स्टावर टाकू नका.