पेटी उघडण्याआधी सांगायच्या गोष्टी
वाचकांचे प्रश्न : हापूसची थेट विक्री

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. पुण्या-मुंबईच्या घरांना थेट पेट्या पाठवतो. यंदा एका ताईंच्या चार डझनांच्या पेटीत पाच आंब्यांत साका निघाला. ‘माहीत असून पाठवलेत’ असं त्या म्हणाल्या. साका बाहेरून कळत नाही, हे पटवायचं कसं?
– बागायतदार, देवगड

उत्तर : पेटी उघडल्यावर ते पटत नाही. तेव्हा खरं कारणही सबबीसारखं ऐकू येतं. साका झालेलं फळ वरून निर्दोष असतं, वासही येतो. कापल्यावर कोयीलगतचा गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. ज्यांनी साका हा शब्दच कधी ऐकलेला नाही, त्यांना ती फसवणूक वाटणार.

आधी बागेतलं पाहू. झाडावर जास्त तयार झालेल्या फळात आणि तापलेल्या जमिनीची धग लागलेल्या फळात साका अधिक येतो. म्हणून तोड ८० ते ८५ टक्के तयारीला करा, तीही सकाळी लवकर. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासह काढा, म्हणजे चीक सालीवर ओघळून डाग पडणार नाहीत. काढलेली फळं कातळावर उन्हात ठेवू नका, लगेच सावलीत न्या. कलमांखाली सुक्या गवताचं आच्छादन असेल तर धग कमी होते. निवडीसाठी पाण्याची चाचणी करा. साध्या पाण्यात तरंगणारं फळ कोवळं, ते बाजूला काढा. बुडालेली फळं लिटरला २५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात सोडा. त्यातही बुडतील त्यांत साक्याचा धोका जास्त. ती थेट ग्राहकाच्या पेटीत नकोत. नंतर फळं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत कोरडी करा.

एवढं करूनही साका पूर्ण टळत नाही. म्हणून प्रत्येक पेटीत चिठ्ठी हवी, साधारण अशी : ‘पेटी क्र. ६२. तोड १४ एप्रिल, सकाळी. ४८ फळं, प्रत्येकी २३० ते २६० ग्रॅम. गवताच्या आढीत (पिकवण्यासाठी रचलेल्या थरांत) घातलेली, पिकवायला काही वापरलेलं नाही. २२ एप्रिलच्या आसपास खायला तयार. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. निघाल्यास कापलेल्या फळाचा या चिठ्ठीसह फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे दोन दिवसांत परत.’

हाच मजकूर पैसे घेण्याआधी फोनवरही पाठवा. ‘पुढच्या वर्षी दोन आंबे जास्त देऊ’ असं सांगू नका; हंगाम संपतो आणि ग्राहकाच्या मनात हिशेब तसाच राहतो. दर ठरवतानाच शंभरात पाच फळांचा परतावा धरून ठेवा. पेटीचा क्रमांक वहीत लिहून त्यापुढे बागेच्या कोणत्या तुकड्यातली तोड आहे ते टिपा. तक्रारी एकाच तुकड्यातून येत असतील तर तिथे आच्छादन वाढवा, तोड लवकर करा. या ताईंना आजच पाच फळांचे पैसे पाठवा, वाद न घालता.

प्रश्न : ‘नैसर्गिक’ म्हणून पेटी घेतली. आंबे हिरवे, टणक होते. चार दिवसांनी काहींना सुरकुत्या पडल्या. कार्बाइड वापरलं असेल का?
– गृहिणी, कोथरूड

उत्तर : हिरवा, टणक आंबा येणं ही शंकेची गोष्ट नाही, तोडीनंतर हापूस पिकायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. सुरकुत्या मात्र कोवळी फळं काढल्याची खूण आहे. ती फळं वेगळी ठेवून बागायतदाराला फोटो पाठवा आणि तोडीची तारीख विचारा. बाकीचे आंबे पेटीतून काढून पेंढ्यावर किंवा कागदावर एका थरात मांडा. हिरवे असताना फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने पिकणं बिघडतं.

कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूने १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर भाग) पिकवायला परवानगी आहे, त्यामुळे ‘पिकवलेला’ म्हणजे ‘विषारी’ असं नाही. साल एकसारखी पिवळी आणि आत गर पांढरट, आंबट, बिनवासाचा असेल तर शंका घ्या, पण तो पुरावा नाही. कोवळा आंबा इथिलीनने पिकवला तरी असाच निघतो. पेटीत पावडरीची पुडी सापडली तर ती कशाची आहे, हे थेट विचारा. ‘नैसर्गिक’ या शब्दापेक्षा तोडीची तारीख आणि पिकवण्याची पद्धत ज्याने लिहून दिली, त्याच्याकडून पुढची पेटी घ्या. कोकणाच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विक्रेता मानांकनाचं नाव घेत असेल, तर त्याची नोंदणी मागायला संकोच नको.

प्रश्न : आम्ही मोहोरावर फवारणी करतो. ग्राहक नाराज होऊ नयेत म्हणून ‘सेंद्रिय’ लिहिलं तर चालेल का?
– बागायतदार, राजापूर

उत्तर : नाही. तुडतुड्यांसाठी (मोहोरातला रस शोषणाऱ्या किडीसाठी) मोहोरावर फवारणी केली असेल तर औषधाचं नाव, शेवटच्या फवारणीची तारीख आणि तोडीपर्यंत गेलेले दिवस लिहा. ते दिवस औषधाच्या लेबलवरच्या प्रतीक्षा कालावधीपेक्षा कमी नसावेत. खरंच सेंद्रियाकडे वळायचं असेल तर गावातले किमान पाच शेतकरी मिळून पीजीएस (शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतीची हमी देण्याच्या) प्रमाणीकरणासाठी गट करता येतो.

प्रश्न : आगाऊ नोंदणी कधी घ्यावी? ग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप करावा का?
– बागायतदार, गुहागर

उत्तर : मोहोर बघून नोंदणी घेऊ नका; कणी (नुकती धरलेली बारीक फळं) गळते आणि शब्द खोटा पडतो. कैरी अंड्याएवढी झाली की फळं मोजा आणि अंदाजाच्या निम्म्याच पेट्यांची नोंदणी घ्या. अवकाळी पाऊस झाला तर त्याच दिवशी बागेचा फोटो आणि नवी तारीख कळवा. उशीर लोक समजून घेतात, उचलला न गेलेला फोन विसरत नाहीत. ग्रुपवर एका पेटीची तक्रार सगळ्यांची चर्चा होते, म्हणून आम्ही ब्रॉडकास्ट यादी सुचवतो; त्यात एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो, तेव्हा पहिल्याच संदेशात तेवढी विनंती करा.