लोडेड फोर बाय फोरमध्ये हवा किती ठेवायची

भावा, आधी एक डोक्यात पक्कं कर, टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, छापलेला आकडा म्हणजे भरायची हवा नाही, ती कमाल मर्यादा. तुझा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे, दार उघड आणि वाकून बघ, बऱ्याच गाड्यांना फुल लोडचा वेगळा दिलेला असतो आणि वाढ जास्त मागच्या टायरला असते, कारण पाण्याचे कॅन, तंबू, सामान सगळं मागच्या एक्सलवरच येतं ना.

हवा मोजायची ती गार टायरमध्ये, म्हणजे सकाळी बिल्डिंगखालीच. सायनहून निघून पनवेलच्या पंपावर मोजशील तर टायर तापलेले, ४-५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसणारच, आणि पंपावरचा पोरगा लगेच हवा सोडायला बसतो. सोडू देऊ नको! मी एकदा सोडू दिली, दुसऱ्या दिवशी गार टायर मोजले तर मागचे २८ वर उतरलेले, गाडीत चार माणसं आणि वर भरलेलं कॅरिअर. कमी हवेत साइडवॉल सारखी वाकत राहते, आतून तापते आणि हायवेला फुटते, म्हणून हे इतकं कळकळीने सांगतोय.

चिखलात, वाळूत हवा कमी करायचीच, पण लोड असताना एकदम १८ वर जाऊ नको, २४-२५ ला बघ, नाही निघाली तर अजून थोडी सोड. स्पीड अगदी कमी, स्टिअरिंग झटक्यात फिरवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. आणि डांबर लागलं की तिथेच थांबून परत भरायची, त्यासाठी हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं गेज स्वतःचं घे, गेज आधी.