‘देव आहे, हे कशावरून?’

आपल्या पत्रातली एक गोष्ट मनाला लागली. आरती संपल्यावर पंधरा वर्षांच्या मुलीने ‘देव आहे, हे कशावरून?’ असे विचारले आणि सांगलीचे आजोबा व्हिडिओ कॉलवर असतानाच आपण तिला ‘असले प्रश्न विचारायचे नसतात’ म्हणून गप्प केलेत. आधी तिची माफी मागावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण आपल्या दर्शनकारांनी हाच प्रश्न शतकानुशतके वादात घासूनपुसून घेतला आहे आणि त्याचे एक उत्तर माणसाच्या ज्ञानातूनच निघते.

पतंजलींच्या योगसूत्रांतले पहिल्या पादातील २५ वे सूत्र ‘तत्र निरतिशयं सर्वज्ञबीजम्’ असे आहे. ज्ञान कोणाकडे कमी, कोणाकडे अधिक असते. ज्यात अशी चढती श्रेणी असते त्याला परिसीमाही असते, आणि ज्ञानाची परिसीमा ज्याच्या ठायी आहे तोच ईश्वर, असा अर्थ व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरचे जुने भाष्य, लावते. मुलीला हे मिरजेच्या तंबोऱ्यावरून सांगा. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीने अगदी हलका घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवून पाहतो आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा भरदार नाद, खुलली की हात थांबवतो. शेजारी बसलेल्या आपल्याला आधीचा आणि नंतरचा नाद सारखाच वाटतो. त्याच्या कानाला मात्र फरक स्वच्छ कळतो, आणि ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्यांना कदाचित त्याहूनही बारीक कळत असेल. ही चढण कुठवर जाते, हे तिलाच विचारू द्या.

यावरचा आक्षेप लपवू नका. दहा हात उंच उडी मारणारा कितीही सराव केला तरी योजनभर, म्हणजे काही कोस, उडी मारू शकत नाही, मग ज्ञान वाढते एवढ्यावरून सर्वज्ञ कोणी आहेच असे कसे म्हणावे, असे मीमांसकांनी, म्हणजे वेदांनाच प्रमाण मानणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या पंडितांनी, रोखठोक विचारले आहे. माझ्या मते उडीला शरीराची सीमा आहे, ज्ञानाचे तसे नाही. एक गोष्ट कळली की दुसरी कळण्याची वाट मोकळी होते, म्हणून मला हा युक्तिवाद पटतो. तरीही भूमितीतल्या सिद्धतेइतका तो पक्का नाही, हे तिला आपणच सांगावे.

पुढचे २६ वे सूत्र ईश्वराला पूर्वीच्या गुरूंचाही गुरू म्हणते. ते आजोबांकडे सोपवा. येत्या रविवारी तिने शंका काढाव्यात, आजोबांनी उत्तरे द्यावीत, आणि आपण मध्ये बोलू नये.